अपस्मार, प्राणवायू आणि प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये

एखाद्या पदार्थास जे नाव मिळते ते त्या पदार्थाविषयीच्या विचारालाही वळण लावते. लव्हाझ्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेतील एका घटकाला ग्रीक शब्दांच्या आधारे ‘ऑक्सिजन’, म्हणजे ‘आम्लजनक’, असे नाव दिले. सर्व आम्लांत हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. पुढे ती चुकीची ठरली. नाव मात्र टिकले. मराठीने त्याच वायूस ‘प्राणवायू’ म्हटले. हे नाव लव्हाझ्येच्या नावाहून अधिक खरे आहे, यात शंका नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. ज्या वायूवाचून मेंदू काही मिनिटांहून अधिक तग धरू शकत नाही, त्याच वायूच्या काही रूपांपासून मेंदू, यकृत, मूत्रपिंड इत्यादी अवयवांना इजा पोचते, हे विधान ‘प्राणवायू’ या शब्दाच्या सहवासात वाढलेल्या वाचकाला विपरीत वाटते.

अपस्माराच्या झटक्यांच्या संदर्भात ही इजा कशी होते, ती रोखू शकणारी द्रव्ये कोणती, आणि ‘ही द्रव्ये अवयवांचे संरक्षण करतात’ असे संशोधक जेव्हा म्हणतात तेव्हा त्या वाक्याचा नेमका अर्थ काय घ्यावयाचा, हे या लेखात पाहावयाचे आहे. यांतील तिसरा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतील. अशा एखाद्या रोग्याने ‘संरक्षण’ या शब्दाचा अर्थ ‘उपचार’ असा घेतला, रोजची गोळी सोडली व तिच्या जागी हळदीचे चूर्ण किंवा जीवनसत्त्वाची गोळी सुरू केली, तर त्या गैरसमजाची किंमत त्याला आपल्या शरीराने द्यावी लागते.

रोगाची नावे व रोगाचे स्वरूप

‘अपस्मार’ या संस्कृत शब्दात ‘अप’ हा उपसर्ग आणि ‘स्मृ’ हा धातू आहे. स्मृतीचे निघून जाणे हा त्याचा अर्थ होय. चरकसंहितेत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी या रोगास स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. ‘एपिलेप्सी’ या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाच्या बुडाशी ‘पकडणे, झडप घालणे’ ही कल्पना आहे. म्हणजे एका भाषेने रोग्याचे काय हरपते ते पाहिले, तर दुसरीने त्याला काय धरते ते पाहिले. मराठी बोलीतील ‘फेफरे’, ‘आकडी’, ‘मिरगी’ आणि अलीकडची ‘फिट’ ही नावे प्रामुख्याने डोळ्यांना दिसणाऱ्या झटक्याची आहेत. आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची रीतही या दिसणाऱ्या झटक्यालाच उद्देशून आहे. झटका बहुधा एकदोन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि श्रेय कांद्याला मिळते.

पेशींच्या आत काय घडते हे यांपैकी कोणतेच नाव सांगत नाही. मेंदूतील चेतापेशींचा परस्परव्यवहार विद्युत् व रासायनिक संकेतांनी चालतो. काही संकेत शेजारच्या पेशीला उत्तेजित करतात, तर काही तिला आवरतात. हा समतोल बिघडून पेशींचा एक मोठा समूह एकाच वेळी व एकाच तालात उत्तेजित झाला, म्हणजे झटका येतो. उत्तेजनाचा संकेत वाहून नेणारे प्रमुख द्रव्य ग्लुटामेट हे होय. झटक्यात ते मोठ्या प्रमाणावर सुटते, आणि त्याच्या प्रभावाने पेशीची दारे उघडून कॅल्शियम आत शिरते. येथपर्यंतची हकीकत विद्युत् व्यापाराची झाली. ऑक्सिजनचा संबंध येतो तो यापुढे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विसाव्याच्या स्थितीत शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. झटक्याच्या वेळी ही मागणी आणखी वाढते. पेशीला लागणारी ऊर्जा मुख्यत्वे तंतुकणिकांत निर्माण होते. तेथे अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे पाणी होते, व त्यात कोणताही धोका नाही. परंतु वाटेत एखादा इलेक्ट्रॉन निसटून एकटाच ऑक्सिजनला चिकटला, तर ‘सुपरऑक्साइड’ तयार होते. जोडीवाचून राहिलेला इलेक्ट्रॉन ज्यात आहे अशा कणाला ‘मुक्त मूलक’ म्हणतात. ‘मुक्त’ या शब्दाने येथे फसू नये. असे बरेचसे कण आपली उणीव भरून काढण्यासाठी शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. कॅल्शियमच्या भाराने तंतुकणिकांचे काम विस्कळीत झाले, की ही गळती वाढते. तंतुकणिकांखेरीज काही एंझाइमेही झटक्याच्या वेळी सुपरऑक्साइड निर्माण करतात.

शरीर या बाबतीत निःशस्त्र नाही. सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ हे एंझाइम सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त द्रव्य व त्याच्या जोडीची एंझाइमे त्याचे पाणी करून टाकतात. परंतु हायड्रोजन पेरॉक्साइडला मोकळे लोह भेटले, तर फेंटन याने १८९४ साली वर्णिलेल्या विक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येते, आणि त्याला आवरणारे कोणतेही एंझाइम शरीरात नाही. ते जेथे जन्मते तेथेच आघात करते. पेशीच्या आवरणातील असंतृप्त मेद हे त्याचे सोपे भक्ष्य होय. एका मेदाम्लातून इलेक्ट्रॉन गेला, की ते शेजारच्याकडून घेते, आणि अशी मालिका सुरू राहते. घरातील तेल किंवा खोबरे खवट होते ते याच प्रकारच्या विक्रियेने. मेंदूत असंतृप्त मेद विपुल आहेत, लोह आहे, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेझ हे एंझाइम मात्र यकृताच्या मानाने फारच थोडे आहे. म्हणून ही आग मेंदूत लवकर पसरते.

‘प्रतिऑक्सिडीकारक’ म्हणजे या मालिकेत कोठे तरी खंड पाडणारे द्रव्य. काही द्रव्ये स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन मूलकाला शांत करतात, जसे ई जीवनसत्त्व. काही शरीराच्या स्वतःच्या साठ्यात भर घालतात, जसे ग्लुटाथायोनसाठी कच्चा माल पुरवणारे एन-असेटिल-सिस्टीन. काही द्रव्ये मोकळे लोह बांधून ठेवतात, तर काही पेशीला स्वतःची संरक्षक एंझाइमे अधिक बनवण्यास प्रवृत्त करतात. या चारही प्रकारांना एकच नाव असल्यामुळे त्यांचे कार्यही एकच असावे, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही.

प्राणवायूने येणारे झटके

ऑक्सिजन आणि झटके यांचा संबंध प्रथम उघड झाला तो अपस्माराच्या अभ्यासातून नव्हे. पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हवेच्या दाबाविषयीचा आपला मोठा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध केला. उच्च दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या प्राण्यांना आचके येतात व ते मरतात, असे त्याने त्यात दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी हेच प्रयोग माणसांवर झाले. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ते स्वतःवर केले, आणि अशा एका झटक्यात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

या झटक्यांचे कारण १९५४ साली स्पष्ट होऊ लागले. रेबेका गेर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथून असे मांडले, की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलकेच आहेत. क्ष-किरणांपासून वाचवणारी काही गंधकयुक्त द्रव्ये उच्च दाबाच्या ऑक्सिजनपासूनही उंदरांना अधिक काळ तगवतात, हा त्यांचा एक महत्त्वाचा आधार होता. तरीही असे मूलक सजीव पेशीत नित्य तयार होते यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिस्म्युटेझचे कार्य शोधून काढले, तेव्हा चित्र पालटले. ज्या शत्रूसाठी शरीराने एक खास पहारेकरी नेमला आहे, तो शत्रू नाहीच, असे म्हणणे आता अवघड झाले.

पुढे अमेरिकेतील मनीषा पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध अपस्माराशी थेट जोडला. ज्या उंदरांत तंतुकणिकांमधील सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ जन्मतःच अपुरे असते, त्यांना वय वाढू लागले की झटके येऊ लागतात, असे २००४ साली दिसून आले. उलट, हे एंझाइम ज्यांच्यात अधिक आहे अशा उंदरांच्या मेंदूला झटके आणणाऱ्या विषापासून कमी इजा होते, हे त्यापूर्वीच दाखवले गेले होते. याचा अर्थ असा, की संबंध दुहेरी आहे. झटक्यामुळे ऑक्सिडीकरणाची इजा होते, आणि त्या इजेमुळे पुढचे झटके सुलभ होतात.

लोहाचा पुरावा

माणसाच्या दृष्टीने अधिक बोलका पुरावा लोहाचा आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या काही माणसांना महिन्यांनी किंवा वर्षांनी अपस्मार सुरू होतो. मेंदूत सांडलेल्या रक्तातील हीमोग्लोबिन फुटून त्यातील लोह सुटते, हे त्याचे एक कारण असावे, अशा तर्काने विल्मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यकात लोहाचा क्षार टोचून पाहिला. त्या जागेतून पुनःपुन्हा झटके उद्भवू लागले. १९८१ साली त्यांनी याच प्रयोगात उंदरांना आधीच ई जीवनसत्त्व व सेलेनियम दिले, तेव्हा हा परिणाम बऱ्याच अंशी टळला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली लोहाच्या याच प्रयोगात हळदीतील कर्क्युमिन उंदरांच्या अन्नातून दिले, आणि झटक्यांची वाढ मंदावल्याचे दाखवले.

या निष्कर्षांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांतील एक क्रियाविशेषण महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ‘आधीच’. प्रयोगशाळेत इजा केव्हा होणार हे ठाऊक असते, म्हणून द्रव्य अगोदर देता येते. रस्त्यावर अपघात होणाऱ्या माणसाला ते कोणी अगोदर देत नाही. प्राण्यांवरील असंख्य प्रयोगांत झटके आणणारे विष देण्यापूर्वी कित्येक दिवस प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य दिलेले असते. अशा प्रयोगांतील ‘संरक्षण’ खरे असते, पण ते ढालीचे असते, मलमाचे नव्हे.

मेंदूबाहेरील अवयव

झटका मेंदूत उद्भवतो, तरी त्याचा भार सर्व शरीर उचलते. सर्वांग ताठरून आचके देणारा झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते. अर्धा तास टिकल्यास कायमची इजा संभवते. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ साली दिलेल्या व्याख्येत याच दोन मर्यादा आहेत. अशा प्रदीर्घ झटक्यात स्नायूंचे तंतू तुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते. लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडे नंतर निकामी होतात, हे बायवॉटर्स व बील यांनी १९४१ साली नोंदवले. तेथेही कारण मायोग्लोबिन हेच होते. त्यातील लोह मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत मेदांचे ऑक्सिडीकरण घडवते. हृदयाला त्याच वेळी ॲड्रिनॅलिनच्या लाटेचा मारा सोसावा लागतो.

यकृताची गोष्ट वेगळी आहे. त्याला काही वेळा झटक्याहून औषधाचा उपद्रव अधिक होतो. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरील एक अत्यंत उपयुक्त औषध आहे. परंतु त्याच्या विघटनातून निघणारी काही द्रव्ये यकृतातील ग्लुटाथायोन खर्ची पाडतात, आणि क्वचित्, विशेषतः अगदी लहान मुलांत, यकृत गंभीररीत्या बिघडते. म्हणूनच हे औषध घेणाऱ्यांची रक्ततपासणी करतात.

प्रतिऑक्सिडीकारक साठ्यात भर घालून अवयव वाचवता येतो, याचे माणसातील सर्वांत स्पष्ट उदाहरणही यकृताचेच आहे. पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्या रोग्याला एन-असेटिल-सिस्टीन पहिल्या आठ तासांत दिल्यास यकृत जवळजवळ निश्चितपणे वाचते. उशीर होत जाईल तसा उपयोग घटत जातो. येथे विष कोणते, ते कोणता साठा रिकामा करते, आणि तो भरण्यास किती वेळ हाती आहे, हे तिन्ही ठाऊक आहे. यशाचे रहस्य द्रव्याच्या नावात नसून या तीन उत्तरांत आहे. अपस्मारात ही तिन्ही उत्तरे अजून एकत्र हाती आलेली नाहीत.

माणसांवरील चाचण्या

ई जीवनसत्त्वाच्या चाचण्यांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधांनी झटके न आवरलेली २४ मुले होती. १२ मुलांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला ई जीवनसत्त्व दिले, आणि १२ मुलांना तशीच दिसणारी पण निष्क्रिय गोळी. पहिल्या गटातील १० मुलांचे झटके पुष्कळ कमी झाले. दुसऱ्या गटात एकाचेही नाहीत. हा निकाल डोळे दिपवणारा होता. परंतु दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९४ साली अशीच काळजीपूर्वक चाचणी अधिक रोग्यांवर केली, तेव्हा जीवनसत्त्व आणि निष्क्रिय गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. अपस्मारात जीवनसत्त्वांच्या उपयोगाचा २००५ साली जो व्यवस्थित आढावा घेण्यात आला, त्यातही ती सर्रास देण्यास विश्वसनीय आधार सापडला नाही.

उन्व्हेरिख्ट-लुंडबोर्ग या आनुवंशिक अपस्मारात १९९६ साली चार भावंडांना एन-असेटिल-सिस्टीनने गुण आल्याचे नोंदवले गेले. पुढील रोग्यांत अनुभव संमिश्र आला. चार जणांची हकीकत आशा दाखवते, प्रमाण देत नाही.

आणखी एक इशारा अपस्माराच्या क्षेत्राबाहेरून आलेला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला, असे २०११ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीतून निष्पन्न झाले. मूलके केवळ शत्रू नसतात. पेशी काही निरोपांसाठी त्यांचाच उपयोग करतात, आणि दुबळ्या पेशींचा नाश करण्यातही त्यांचा वाटा असतो. त्यांना सरसकट नाहीसे करणे हे शरीराच्या हिताचे असतेच असे नाही.

तीन शब्दांतील भेद

या सर्व विवेचनावरून तीन शब्द एकमेकांपासून अलग ठेवणे आवश्यक आहे, असे दिसून येईल. ‘संरक्षण’ म्हणजे झटका येऊनही पेशींची हानी कमी होणे. ‘प्रतिबंध’ म्हणजे मुळात अपस्मार जडू न देणे, जसे डोक्याला मार लागल्यानंतर. ‘उपचार’ म्हणजे जडलेल्या अपस्मारातील झटके थांबवणे. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांविषयी प्राण्यांमध्ये संरक्षणाचा पुरावा भक्कम आहे. प्रतिबंधाचा पुरावा आशादायक आहे. माणसातील उपचाराचा पुरावा दुर्बळ आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत व जाहिरातींत ही तीनही विधाने एकाच वाक्यात मिसळतात. ‘हळद मेंदूचे रक्षण करते’ हे वाक्य ऐकणारा रोगी त्यातून ‘हळदीने फेफरे थांबते’ एवढेच ऐकतो.

हळदीबाबत तर हा भेद प्रत्यक्ष धोक्याचा आहे. हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते, आणि पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून त्याच्या गोळ्यांत बहुधा मिऱ्यातील पायपेरीन घातलेले असते. हेच पायपेरीन अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाचेही शोषण वाढवते. फेनिटॉइनची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. त्यामुळे रोग्याला तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन दोन दिसणे असा त्रास होऊ शकतो. जेवणातील हळद व मिरी यांविषयी हा आक्षेप नाही. तो एकवटलेल्या गोळ्यांविषयी, आणि त्या डॉक्टरला न सांगता घेण्याविषयी आहे. याहूनही मोठा धोका रोजचे औषध एकाएकी बंद करण्यात आहे. त्यातून न थांबणारा झटका उद्भवू शकतो, आणि वर वर्णिलेली सारी हानी ओढवते. झटके थांबवणारे नियमित औषध हेच तूर्त अवयवांचे सर्वांत खात्रीचे संरक्षण होय. आग लागू न देणे हे ती विझवण्याहून नेहमीच श्रेष्ठ.

संशोधनाची पुढील दिशा या मर्यादांतूनच ठरत आहे. मिलान येथील मारियो नेग्री संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली उंदरांना प्रदीर्घ झटका सुरू झाल्यानंतर एन-असेटिल-सिस्टीन व ब्रोकोलीपासून मिळणारे सल्फोराफेन ही दोन्ही मिळून दोन आठवडे दिली. अपस्मार उशिरा सुरू झाला, त्याची वाढ थांबली आणि पेशींचा नाश कमी झाला. येथे द्रव्य इजेच्या आधी नव्हे तर नंतर दिले गेले, आणि ते एकटे नसून एक द्रव्य साठा भरणारे व दुसरे पेशीची स्वतःची एंझाइमे वाढवणारे होते. माणसाच्या परिस्थितीशी या प्रयोगाचे साम्य पूर्वीच्या बहुतेक प्रयोगांहून अधिक आहे. डोक्याला मार लागलेल्या किंवा प्रदीर्घ झटक्यातून नुकत्याच सावरलेल्या रोग्याला पहिल्या काही दिवसांत असे मिश्रण देऊन पुढील अपस्मार टाळता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे नेमकेपणाने विचारता येऊ लागला आहे. त्याचे उत्तर माणसांवरील काटेकोर चाचण्यांनीच मिळेल. तोपर्यंत ‘संरक्षण’ हा शब्द त्याच्या खऱ्या मापानेच वापरणे लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला, दोघांनाही उचित होय.